शाईवरची साय

"शाईला घाई चालत नाही," असं बाबा म्हणायचे. ते गेल्यावर त्यांनी कोरलेला शेवटचा लाकडी ठोकळा मी छापायला घेतला. त्यावर आईचा चेहरा होता. प्रती लवकर वाळाव्यात म्हणून शाईत थेंबभर ड्रायर पुरतो तिथे चमचाभर घातला. रोलर पुसून खिळ्याला टांगला, पण डब्याला झाकण लावायचं विसरले. सकाळी शाईवर साय धरली होती. "दुधावर कधी एवढी येत नाही," आई म्हणाली. मग ती डब्यावर वाकली. सायीवर अंगठ्याचा ठसा होता आणि ठशात आडवा व्रण. बाबांच्या अंगठ्यात कोरणी घुसली होती, तिथेच. वरून दाबलेला ठसा खोलगट लागतो. हा बोटाला फुगीर लागला. कुणीतरी डब्याच्या आतून अंगठा टेकवला होता. मी झाकणाकडे हात नेला. आईने माझं मनगट धरलं. ती हळूच म्हणाली, "राहू दे उघडं."