ढवळीचा डोळा

ढवळी चौथ्यांदा निसटली आणि शेणवे गावातल्या त्या अंगणात हशा पिकला.

प्रज्वल रिकामं गोणपाट हातात धरून तसाच उभा राहिला. अनवाणी, श्वास रोखून तो मागून गेला होता. शेळीने मान म्हणून वळवली नाही, तरी तो हातभर अंतरावर येताच ती टुणकन पलीकडे.

"हिला पाठीला डोळे हायेत काय?" तो वैतागला.

प्रियांका, त्याची बायको, लशीचा डबा सावलीत सरकवत होती. गावातल्या जनावरांना लस टोचणाऱ्या पशुसखीचं प्रशिक्षण घेऊन आल्यावर तिचा हा पहिलाच दिवस. घरच्या सगळ्या शेळ्या टोचून झाल्या होत्या, एकटी ढवळी राहिली होती. डब्यातला बर्फ वितळत चालला होता. कुंपणाबाहेर कमळकाकू आणि आणखी चौघी आपापल्या शेळ्या दाव्याला धरून उभ्या होत्या, पण आत कुणी येत नव्हतं. जिला घरची शेळी आवरत नाही तिच्या हाती आपली कशाला द्या, असा त्यांचा सरळ विचार.

ओट्यावर बसलेले सासरे, धाऊबाबा, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मी तवाच बोललो व्हतो. सुनेनं सुई धरायची ती गोधडी शिवायला. ही नाय गावली तर डबा आजच परत करून ये."

प्रियांकाला ते फार लागलं. डोळे भरून येतील म्हणून तिने मुद्दाम ढवळीकडे पाहिलं.

ढवळी मान खाली घालून पाला ओरबाडत होती. तिच्या डोळ्यातली काळी बाहुली आडवी होती, पैसे टाकायच्या डब्याला असते तशी फट. मान खाली गेली तरी फट जमिनीला समांतर. मान वर आली तरी तशीच. डोळाच आतल्या आत फिरत होता. प्रशिक्षणातल्या मॅडमनी हे सांगितलं होतं, तिने वहीत चित्रसुद्धा काढलं होतं. गोणपाटाच्या गडबडीत ते पार डोक्यातून गेलं होतं.

"तुमी मागून जाऊ नका," ती नवऱ्याला म्हणाली. "तिला दोन्ही बाजूंचं दिसतं, मागचंपन बरंचसं दिसतं. लांडगा, तरस जमिनीवरनंच येतात ना, म्हणून डोळा असा आडवा. वरचं मात्र तिला कमी दिसतं."

"मग काय आभाळातनं उतरणार?" धाऊबाबा हसले.

अंगणाच्या कडेला खांद्याएवढ्या उंचीचा मांडव होता, त्यावर पेंढा रचलेला. प्रियांकाने पदर खोचला, उंबराची एक डहाळी तोडली आणि खांबाला पाय लावून सरळ वर चढली. सासऱ्यासमोर सून मांडवावर चढलेली त्या आळीने अजून पाहिली नव्हती. कमळकाकूंनी तोंडाला पदर लावला. प्रियांका पेंढ्यावर पालथी पडली आणि तिने डहाळी खाली सोडली.

ढवळी आली. तिने उजवीकडचा प्रज्वल पाहिला, डावीकडचे धाऊबाबा पाहिले, दोघेही लांब आहेत अशी खात्री करून घेतली आणि निवांत पानाला तोंड लावलं. वरून हात आला आणि शिंग पकडून बसला.

"धरा!"

प्रज्वलने झेप घेऊन पाय आवळले. प्रियांका केसांत पेंढा घेऊनच खाली उतरली आणि क्षणात सुई टोचून मोकळी झाली. ढवळी एकदाच ओरडली, तेसुद्धा उशिरा.

"माझी आधी घे गो, प्रियांका!" कमळकाकू शेळी ओढत आत शिरल्या. मागून बाकीच्याही घुसल्या.

धाऊबाबा ओट्यावरून उठले. "लायनीत उभ्या ऱ्हावा सगळ्या! आमची डॉक्टरीण दमलीय. आधी तिला चा पिऊ द्या."

चहा कोण करणार, ते कुणी विचारायच्या आत ते स्वतःच घरात गेले. बराच वेळ भांड्यांचा खडखडाट ऐकू आला. मग आतून हाक आली, "प्रियांका, साखर कुठं ठेवतेस गो?"