शेवटची फेरी

"जॅनेटबाई! ओ जॅनेटबाई!"

पथकप्रमुख सत्यवतीबाईंचा घसा आधीच बसलेला. तिसऱ्या हाकेला आवाजाऐवजी खोकलाच बाहेर पडला. दाराला बाहेरून कुलूप होतं.

आचरा गावाच्या टोकाला, माडांमधल्या त्या घरी पाच जणांचं पथक मत घ्यायला आलं होतं. पंच्याऐंशीच्या पुढच्या मतदाराने अर्ज केला की मतपत्रिका घरी येते. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या जॅनेटबाईंनी अर्ज केला होता. सरकार दारात आलं, आणि बाईच गायब!

"बसतलंय खंय?" पोलीस शिपाई दत्तप्रसाद कुरकुरला. "ह्या बुटक्या पायरेर बसलंय तर उठवूक दोघे जण व्हये. ढोपरां गेली माझी."

कौस्तुभ बंद दाराचं चित्रण करत होता. मतदार भेटो न भेटो, कॅमेरा चालू ठेवायचा असा नियम.

"म्हातारेक तारीख कळवल्यात मा?" त्याने विचारलं.

"दोनदा फोन केला," सत्यवतीबाई म्हणाल्या. "दोन्ही वेळा होय म्हणाल्या."

त्यांनी दाराला चिठ्ठी चिकटवली. 'परवा अकराला पुन्हा येऊ. ती फेरी शेवटची.' त्या वैतागल्या होत्या, पण काळजीही वाटत होती. घरच्या मतदानाच्या यादीत नाव गेलं की केंद्रावर मत देता येत नाही. परवाही कुलूप दिसलं, तर म्हातारीचं मत बुडालंच.

तिसऱ्या दिवशी अकराला दार सताड उघडं होतं. निळ्या झग्यातल्या जॅनेटबाई पडवीत उभ्या होत्या. पाच खुर्च्या मांडून ठेवलेल्या, त्यातली एक उंच.

"तुमी हयसर बसा," त्यांनी दत्तप्रसादला उंच खुर्ची दाखवली. मागच्या दाराबाहेरच्या चुलीवरून सगळ्यांना चहा आला. सत्यवतीबाईंच्या हातात मात्र आलं-मिऱ्याचा वाफाळता काढा पडला. गूळ-खोबऱ्याचा दोदोल पुढे आला. दत्तप्रसादची कुरकुर तिथल्या तिथे विरघळली.

भिंतीवरच्या फोटोत मुलगा लिओन, सून, नातवंडं, सगळी दुबईची. फोटोत नऊ माणसं, घरात एक.

जॅनेटबाईंनी सही केली, पुठ्ठ्याच्या आडोशाला गेल्या आणि बराच वेळ तिथेच राहिल्या. पाकीट बंद होऊन पेटीत पडलं. एकदाचं घोडं गंगेत न्हालं.

"परवा कुठे गेला होतात? मत हुकलं असतं ना!"

"म्हातारपण गो बाय. इसारलंय." जॅनेटबाईंनी नजर खाली वळवली. "इतक्या वर्सांत एकय मत चुकवूक नाय. ह्या गेला असता तर जीवाक लागला असता."

"परवाच गावल्यात असत्यात तर आमची आजची खेप वाचली असती," दत्तप्रसाद म्हणाला.

जॅनेटबाईंनी त्याच्या बशीत दोदोलचा आणखी एक तुकडा घातला.

निघताना त्या फाटकापर्यंत आल्या. "आता परत कधी येतलात?"

"आता पाच वर्षांनी."

"बरां," त्या म्हणाल्या. जीप वळेपर्यंत त्या फाटक धरून उभ्या होत्या.

संध्याकाळी तालुक्याच्या कचेरीत दोन्ही फेऱ्यांचं चित्रण जमा करायचं होतं. कौस्तुभने पहिली फेरी लावून पाहिली. कुलूप, हाका, खोकला, दत्तप्रसादची ढोपरं. मध्येच त्याने चित्र मागे नेऊन पुन्हा लावलं.

"बाई, हयसर बघा."

कुलूपबंद दाराशेजारच्या खिडकीचा पडदा बोटभर सरकलेला होता. आत, त्याच निळ्या झग्यात जॅनेटबाई उभ्या होत्या, आणि एकेका बोटावर अंगठा टेकवत माणसं मोजत होत्या.