डिशवरची जागा

व्हर्जिनियाच्या डोंगरात घरोघरी डिश लागल्या आणि व्हर्नाची छोटी भक्तिवाहिनी दिसेनाशी होऊन बंद पडायला आली. उपग्रह कंपन्यांनी स्थानिक वाहिन्याही दाखवाव्यात असा कायदा झाला, तेव्हा तिनं गुडघे टेकून प्रभूचे आभार मानले. रिचमंडच्या कोर्टात कंपन्यांचा वकील त्याच कायद्यावर उठला होता. “काय दाखवायचं ते ठरवणं हेच आमचं बोलणं. संविधानानं दिलेलं बोलण्याचं स्वातंत्र्य सरकारनं हिरावलंय.” “आता डिशलाही वाचा फुटली,” व्हर्नाशेजारी बसलेला तिचा भाऊ होबार्ट कुजबुजला. वकिलानं जुन्या खटल्यातली साक्ष वाचली, “‘माझ्या वाहिनीवर काय दाखवायचं ते मीच ठरवणार. सक्ती केलीत तर माझी वाचाच गेली.’” “ताई, हा कोण दीडशहाणा?” व्हर्नाच्या तोंडातलं पेपरमिंट गालातच राहिलं. “मी. जुगारवाल्याची जाहिरात नाकारली होती ना, तेव्हा.” वकील म्हणाला, “आणि त्या बाई जिंकल्या, न्यायमूर्ती महाराज.”