ईदची धुलाई

अकिबच्या अब्बांनी दुबईहून पाठवलेला गेमिंग कीबोर्ड पाण्यालाही दाद देत नाही, असं खोक्यावर छापलं होतं. छापणाऱ्याने अकिबची अम्मी महरुन्निसा हिची ईदची साफसफाई पाहिलेली नव्हती. कॉलेजातून आलेला अकिब अंगणातच थिजला. कीबोर्ड वायरीने कपड्यांच्या दोरीवर लटकत होता, वर दोन चिमटे. संध्याकाळी पोलादपूरच्या पोरांशी ऑनलाइन गेमची फायनल होती.

“अम्मी, हे काय केलंस?”

“धुतला. पाण्याने काय होत नाय, तूच सांगत फिरत होतास ना रे?”

अकिबने बटणं दाबून पाहिली. सगळी पहिल्यासारखी टकाटक वाजली. त्याच्या जिवात जीव आला.

“कंप्युटरला लावून बघतो.”

“जरा दम धर,” महरुन्निसा म्हणाली. “कंप्युटर अजून निथळतोय.”