पहिली ‘अ’चा पंखा

“काढ ना गं योगू, प्लीज! एकदाच काढ!”

योगूने जोरजोरात मान हलवली. दोन्ही तळहात मास्कवर दाबून ती शाळेच्या गेटला पाठ लावून उभी राहिली. आत प्रार्थना संपत आली होती. जागृतीला वाटलं, आता इथेच फुटपाथवर बसावं आणि मस्त भोकाड पसरावं. म्हणजे कमाल बघा. दोन महिन्यांपूर्वी याच गेटवर, याच सहा वर्षांच्या बहिणीसमोर ती हात जोडत होती, “घाल ना गं योगू, प्लीज!”

तेव्हा शाळा नुकत्याच उघडलेल्या आणि मास्कशिवाय आत सोडत नव्हते. योगूला कपड्याची शिवणसुद्धा सहन होत नाही. युनिफॉर्मच्या कॉलरमागचं लेबल आई ब्लेडने उसवून काढते. मिक्सर लागला की ती पलंगाखाली जाते. अशा मुलीच्या तोंडावर फडकं बांधायचं! पहिला मास्क तिने गटारात टाकला. दुसरा चावून चोथा केला. तिसरा नुसता दिसला तर भर रस्त्यात आडवी झाली. मोठ्या मॅडमनी आईला आत बोलावलं. “जमत नसेल तर हिच्यासाठी वेगळी शाळा बघा,” म्हणाल्या. आई त्या दिवशी रिक्षा न करता वर्तकनगरला घरापर्यंत चालत आली.

मग नववीतल्या जागृतीने हे काम अंगावर घेतलं. बाबांच्या जुन्या बनियनचा मास्क शिवला, शिवण बाहेरच्या बाजूने. नाड्या कानाला काचतात म्हणून हेअरबँडला दोन बटणं लावली आणि त्यात अडकवल्या. तो आधी बाहुलीला घातला, मग बाबांना, मग स्वतःला. टीव्हीसमोर सगळं घर मास्क लावून बसायचं, येणाऱ्याजाणाऱ्याला वाटायचं यांच्याकडे कोणाला तरी कोरोना झालाय. शेवटी एके दिवशी योगूने आपण होऊन तो ओढून घेतला. वर्गात हेमा टीचरांनी टाळ्या वाजवल्या.

वर बोनस म्हणजे तिची ती जुनी सवयही गेली. बालवाडीत गोंगाट वाढला की योगू ओठ थरथरवत ब्रर्रर्र करत बसायची. तेवढ्याने तिला बरं वाटायचं. पण मुलं ओरडायची, “रिक्षा आली, बाजूला व्हा!” आणि बाई तिला उठवून दाराबाहेर बसवायच्या. आता पहिलीत एकही तक्रार नव्हती. येत्या नवरात्रात टेंभी नाक्याच्या देवीची ओटी भरायचं आईने ठरवूनसुद्धा टाकलं.

सगळं कसं सेट झालेलं. आणि गुढीपाडव्याला मास्कची सक्ती उठली.

“अजून इथेच?” हेमा टीचर हातात खडू घेऊनच गेटपर्यंत आल्या. त्यांचा मोकळा चेहरा जागृती पहिल्यांदाच बघत होती. “अगं, आज तोंडी परीक्षा. कविता म्हणायची आहे, आणि मास्कमधून हिचं काही कळत नाही. मोठ्या मॅडम स्वतः बसणार आहेत. ही अशीच अडून बसली, तर वेगळ्या शाळेचा विषय परत निघेल. मी तरी किती वेळा सांभाळून घेऊ?”

“काढेल ती, टीचर. काढेलच.”

तेवढ्यात काळुरामकाका खांद्यावर शिडी घेऊन वर्गातून बाहेर आले. शाळेचे शिपाई तेच आणि वॉचमनही तेच.

“टीचर, वायरमनने परत खोलून बघितला. पंख्यात काय पण नाय.”

“असं कसं नाही? रोज घुर्रर्र करतो मेला! मुलांचा दंगा सुरू झाला की हमखास. परवा तर मी त्याच्यावर पट्टी उगारली. पोरं हसून हसून लोळली.”

“वर्ग रिकामा असला की एकदम गप फिरतो पण.”

“तुमच्यासमोर गप्प, माझ्यासमोर नाटकं! बदलूनच टाका तो.” टीचर जाता जाता वळल्या. “जागृती, पाच मिनिटं हं. मग माझ्या हातात काही नाही.”

जागृतीचं डोकंच फिरलं. इतके दिवस शिवलं, उसवलं, परत शिवलं, बाहुलीला घातलं, ते काय यासाठी? तिने योगूचे हात धरले आणि मास्क खाली ओढायला गेली. योगू किंचाळली.

“काय प्रॉब्लेम काय आहे तुझा? घाल म्हटलं तर घालायचा नाही, काढ म्हटलं तर काढायचा नाही! वाट लावलीयेस माझी!”

“हलू गो बाय,” काळुरामकाका म्हणाले. “घाबरली ना ती.”

जागृतीने हात सोडले. मास्क थोडा सरकला होता. त्याच्या काठाने योगूच्या गालावर लालभडक रेघ उमटली होती. बनियनचा मऊ मास्क, शिवण बाहेरून, तरीही. जागृती गुडघ्यांवर बसली.

“योगू, टोचतो का गं हा?”

योगूने मान डोलावली.

“रोज टोचतो?”

“खूप.”

“मग वेडाबाई, काढ ना! आता तर कुणीच घालत नाहीये.”

योगूने मास्क नीट नाकावर ओढून घेतला. भिंतीला शिडी टेकवणाऱ्या काळुरामकाकांकडे एकदा बघितलं. मग ताईच्या अगदी कानाशी आली.

“मास्क असला की टीचर पंख्याला ओरडतात.”