पहाटेची गोळी

डॉक्टर मृत्यूच्या दाखल्यावर सही करून गेले. फाटकाची कडी वाजली, तशी डेलमीरा उठली आणि तिने किटली गॅसवर ठेवली.

"आई, बस ना जरा."

"आणि येर्बा कोण करणार? तुझे बाबा?"

ग्लॅडिसने फडताळातून तुंबा काढून दिला. सकाळचा येर्बा, तो कडू पाल्याचा चहा, बाबाच करत. तुंब्यात पाला भरून त्यावर किटलीतल्या गरम, पण न उकळलेल्या पाण्याची बारीक धार धरायची, हे काम डेलमीराच्या नवऱ्याने, ओस्वाल्दोने, कधी कुणाला करू दिलं नव्हतं. पुढे त्याला संधिवात झाला. पहाटे बोटं आखडत, ती दुपारपर्यंत सुटत नसत. मोंतेविदेओच्या प्रयोगशाळेत ग्लॅडिसची कितीतरी वर्षं मग एका गोळीच्या आवरणावर गेली. झोपताना गिळायची, आवरण पोटातलं पाणी पीत राहतं आणि पहाटे, सांधे धरायच्या आत, फुटून औषध सोडतं.

"तुझी गोळी माझ्यापेक्षा शिस्तीची," तो लेकीला म्हणायचा. "सांगितल्या वेळी उठते. लग्न हिच्याशीच करायला हवं होतं."

"मग करा की! ती निदान घोरत तरी नाही," डेलमीरा आतून ओरडायची.

तो मुद्दाम किटली उंच धरायचा. ओट्यावर थेंब सांडत नसे. एखाद्या दिवशी गोळीला उशीर झालाच, तर मुठी मांडीवर ठेवून बसून राही. "येतेय, बाई येतेय," म्हणे.

काल रात्रीही त्याने गोळी घेतली होती. गेला तो त्यानंतर थोड्याच वेळात, झोपेतच, असं डॉक्टर म्हणाले.

"ग्लॅडिस, म्हणजे गोळी पोटात तशीच होती?"

"हो."

"मग पहाटे उघडली असेल ती?"

ग्लॅडिसने खिडकीबाहेर पाहिलं. काचेच्या भांड्यांत, नुसत्या कोमट पाण्यात, तिने शेकडो गोळ्या फुटताना पाहिल्या होत्या. ओल सोडून आवरणाला दुसऱ्या कशाची गरज पडू नये, यासाठीच तर ती झटली होती.

"उघडली असेल, आई."

डेलमीरा जपमाळ घेऊन पलंगाशी बसली. लोक यायच्या आत ती त्याच्या हातात द्यायची होती. तिने त्याच्या आवळलेल्या मुठीतली करंगळी सोडवून पाहिली, मग शेजारचं बोट. सुटेना.

पाद्रींना कळवायला ग्लॅडिसने फोन उचलला.

"थांब जरा," डेलमीरा म्हणाली. त्याची मूठ तिने दोन्ही तळव्यांत धरली होती आणि ती हळूहळू चोळत होती. "कधीकधी गोळीला उशीर होतो, तूच म्हणाली होतीस ना?"

ग्लॅडिसने फोन खाली ठेवला. पाणी उकळू नये म्हणून किटलीखालची आच अगदी बारीक केली.