उलट्या पट्ट्या

बाबा आपलं वर्तमानपत्र सोडून खासदार होऊन वॉशिंग्टनला गेले, तेव्हा आमच्या ओहायोतल्या गावच्या विरोधी पत्राचे संपादक होल्कमकाका यांनी लिहिलं, ‘हा गृहस्थ संपादक कधी नव्हताच.’ ते बाबांना शेवटपर्यंत टोचत राहिलं.

बाबांच्या अंत्यविधीच्या सकाळी काकांचा अंक उघडायला माझा हात धजेना. उघडला, तर बातमी तीनच ओळींची. पण रकान्यांमधल्या साऱ्या रेघा जाड, काळ्या. रेघा छापणाऱ्या धातूच्या पट्ट्या त्यांनी उलट्या, जाड बूड वर करून बसवल्या होत्या; छापखान्यातली ती शोकाची खूण.

चर्चमध्ये ते म्हणाले, “मत मी त्याला आजही देणार नाही, पोरी.”

“मग अख्खा अंक काळा कशाला केलात, काका?”

“खासदारासाठी नाही केला. गावातला संपादक गेला, की पट्ट्या उलटायच्याच असतात.”

शवपेटी बंद होण्याआधी मी तो अंक बाबांच्या हाताखाली ठेवला.